पलुस्करबुवा आणि आमच्या घरची पेटी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हां जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही सगळी नांवे आपल्या भगिनींनी आधीच वाटून घेतली होती. माझ्यासाठी कोणी उरले नाही, म्हणून मी गवयाचे चरित्र निवडले, असे मात्र कोणी समजू नये. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरांत एक लहानसा कलह माजला होता. त्या दिवसांत माझ्या हाती पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे चरित्र पडले, आणि त्या दोन गोष्टी माझ्या मनांत अशा काही गुंतून गेल्या, की आता एक सांगितल्याशिवाय दुसरी सांगता येत नाही. वाचक भगिनींनी तेवढे सोसावे.

कलह पेटीचा. माझ्या वडिलांनी मी दहा वर्षांची असतांना अकोल्याहून एक हार्मोनियम आणली होती. बार्शीटाकळीच्या आमच्या आळीत तेव्हां ती पहिलीच. मला शिकवायला एक मास्तर ठेवले. त्यांचे नांव मी येथे लिहीत नाही. ते आता हयात नाहीत, आणि गाणे त्यांचे चांगलेच होते. परंतु बोट चुकले की बोटावर छडी बसावयाची. दीड वर्षांत मी पेटी सोडली. वडिलांना सांगितले की माझा हात दुखतो. त्यांनी काही विचारले नाही, पेटीवर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवून घातला आणि ती माळ्यावर ठेवून दिली. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी ती माझ्या घरी आली, ती पलंगाखालीच राहिली. मंडळाच्या भजनांत मी टाळ धरते, हे आपण सर्वजणी पाहतांच. कां धरते, हे आज सांगितले.

तर माझ्या नऊ वर्षांच्या नातीने गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत ती पेटी ओढून बाहेर काढली. शिकवणी लागली. पहिले पंधरा दिवस घरांत दुसरा आवाज नव्हता. पुढे आठवड्यांतून चार दिवस, मग दोन, आणि श्रावण लागेतोवर पेटीचे नांव काढले की पोरीचे पोट दुखू लागले. मी खाऊचे आमिष दाखविले. सुनेने मोबाईल काढून घेण्याची धमकी दिली. मुलाने शेजारच्या मुलीचे उदाहरण दिले, त्यामुळे तर शेजारच्या मुलीशी बोलणेच बंद झाले. एके दिवशी मी रागाने हात उगारला, आणि उगारलेला हात पाहून मला ते मास्तर आठवले. त्या रात्री मंडळाच्या कपाटांतून आणलेले चरित्र मी उघडले.

विष्णु दिगंबरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. दक्षिण महाराष्ट्रांतले हे पटवर्धनांचे एक छोटे संस्थान. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. कीर्तनकाराच्या घरांत मुलाला गाणे शिकवावे लागत नाही, ते झांजांच्या आवाजाबरोबर कानांत शिरते. तरी वडिलांच्या मनांत त्याला गवई करावयाचे नव्हते. मुलगा इंग्रजी शाळेत जात होता. चार बुके शिकून संस्थानांत नोकरीला लागला असता, तर त्याचे चरित्र लिहिण्याचे कोणाला कारण पडले नसते. परंतु दत्तजयंतीच्या उत्सवांत शोभेची दारू उडवितांना ती त्याच्या तोंडावर उडाली आणि डोळे भाजले. कुरुंदवाडला इलाज नव्हता. मिरजेला नेले. तेथे डॉक्टर भडभडे यांनी उपचार केले, दृष्टी थोडी वाचली, परंतु वाचन-लेखनाचा धंदा या मुलाला झेपणार नाही हे दिसून आले. गळा चांगला आहे, त्याला गाणे शिकवावे, असा सल्ला या डॉक्टरांनीच दिला.

येथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. आपण मुलांना वाद्य शिकवितो ते बहुधा हौसेने, किंवा दुसऱ्याचे मूल शिकते म्हणून. त्या घरांत ती हौस राहिली नव्हती. एका आईबापासमोर अधू डोळ्यांचे मूल होते आणि त्याच्या हाताला जन्माचे काही काम द्यावयाचे होते. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी मुलावर लोभ धरला आणि 1887 सालीं, पंधराव्या वर्षी, विष्णु बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकू लागला.

बाळकृष्णबुवा (1849–1926) हे साधे गुरु नव्हते. ग्वाल्हेरची ख्याल गायकी महाराष्ट्रांत रुजविली ती त्यांनी. स्वतः शिकण्यासाठी ते पायपीट करीत उत्तरेकडे गेले होते, गुरूच्या घरची कामे केली होती, उपासमार सोसली होती. ज्याने विद्या अशी मिळविली तो ती स्वस्तांत कशी देणार? त्या काळच्या गुरुगृही पुस्तक नसे, वेळापत्रक नसे. गुरूची मर्जी लागेल तेव्हां चीज मिळावयाची. मर्जी नसेल तर पाणी भरावे, कपडे धुवावे आणि आंतून ऐकू येईल ते कानाने चोरावे. रागाचे नांव विचारणे हाही उद्धटपणा. एकच पलटा महिनोन्‌महिने घोटावा. विष्णूने हे सर्व नऊ वर्षे केले. पहाटे उठून तंबोरा लावावा आणि गळा बसेतोवर गावे, हा त्याचा क्रम होता. डोळ्यांचे काम कमी झाले, ते सगळे कानाकडे गेले असावे.

मिरज हे गांव मुळांत तंबोऱ्यांचे. एकोणिसाव्या शतकांत फरीदसाहेब नांवाच्या कारागिराने तेथे तंतुवाद्ये घडविण्याचा धंदा बसविला. त्याच्या घराण्यांत पूर्वी हत्यारे करीत. तलवारी-भाल्यांचे दिवस गेले तेव्हां तेच हात भोपळ्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे कडू भोपळे आणावयाचे, ते वाळवावयाचे आणि त्यांचा तंबोरा किंवा सतार करावयाची. आजही ते काम तेथे चालते, आणि 2024 सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला सरकारचे भौगोलिक मानांकनही मिळाले. हे विषयांतर वाटेल, परंतु पुढे त्याचा उपयोग आहे.

1896 सालीं विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. कारण मोठे मानी आहे. गांवांत एक समारंभ होता. त्याचे निमंत्रण यांना आले, कारण यांच्यावर राजाची मर्जी; यांच्या गुरूला आले नाही, कारण गुरु केवळ गवई. ज्याच्यापासून आपण शिकलो त्याला पंक्तीला बसविण्याइतका मान नसेल, तर या विद्येचे काय मोल, हा विचार त्यांच्या मनांत घर करून बसला. त्या काळी गवई म्हणजे दरबारांतला आश्रित किंवा माडीवरचा साथीदार. कुलीन घरांत गाणे ऐकावे, पण मुलाला शिकवू नये. मुलीची तर गोष्टच नको. आपल्या आजी-पणजी जात्यावर ओव्या गात. त्यांना सूर नव्हता असे कोण म्हणेल? परंतु त्यांपैकी एकीच्याही हाताला पेटी लागली नाही. पेटीला हात लावणाऱ्या बाईला समाज दुसऱ्याच नांवाने ओळखत असे.

मग सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा असा चार-पांच वर्षे प्रवास झाला. काठेवाडांत त्यांनी तिकीट लावून गाण्याचा जाहीर कार्यक्रम केला. आज त्यांत आपल्याला काही नवल वाटत नाही, पण तोंवर गवई गायचा तो राजापुढे किंवा शेटजीपुढे. चार आणे टाकून कोणीही खुर्चीवर बसावे आणि गवयाने कोणाचा मिंधा न होता गावे, ही गोष्ट नवी होती. मथुरेस त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला. आणि मग एकदम पंजाब! मराठी माणूस, डोळ्यांनी अधू, बोली परकी, ओळखपाळख थोडी. आणि 5 मे 1901 रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय उघडले. राजाच्या खजिन्यावर न चालणारी, लोकांच्या देणग्यांवर व जलशांच्या उत्पन्नावर चालणारी गाण्याची शाळा. कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या मुलाने फी भरावी आणि शिकावे.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहावयास घेतला तो सांगते. शाळा उघडली आणि विद्यार्थी येईनात. पाटी लावलेली, तंबोरे मांडलेले, बैठक घातलेली, आणि मूल एकही नाही. असे बरेच दिवस गेले म्हणतात. दुसरा कोणी असता तर दारांत उभा राहिला असता, गांवांत हिंडला असता, दैवाला बोल लावला असता. विष्णु दिगंबर शाळेच्या ठरल्या वेळेला येत, तंबोरा जुळवीत आणि शाळा सुटण्याच्या वेळेपर्यंत एकटेच रियाज करीत. रिकाम्या खोलीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला रोज त्याच वेळेला तोच सूर ऐकू येई. हळूहळू एक आला, दोन आले, आणि पुढे त्या शाळेत जागा पुरेना.

हे वाचले आणि मला माझीच लाज वाटली. मी नातीला म्हणत होते, बस, बस, पेटीला बस. आणि मी स्वतः तेव्हां काय करीत होते? भाजी निवडीत होते, दूरदर्शनची मालिका पाहत होते, शेजारणीशी बोलत होते. त्या पोरीला एकटीला मागच्या खोलीत पाठवून आम्ही सगळी माणसे पुढच्या खोलीत हंसत-बोलत बसत असू. शिक्षा झालेल्या मुलाला यापेक्षा निराळे काय करतात?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी तिला हांक मारली नाही. देवाजवळ दिवा लावला, पेटी पुढच्या खोलीत आणली, लुगड्याचा तुकडा काढला आणि स्वतः बसले. बोटे लाकडासारखी झाली होती. सा रे ग म येई, परतीच्या वाटेवर चुके. सून स्वयंपाकघरांतून डोकावून पाहून गेली. नात आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी दारांत उभी राहिली आणि माझे बोट कोठे चुकते ते तिने मला सांगितले. तिचे बरोबर होते.

परंतु माझीच स्तुती पुरे. बुवांच्या शाळेकडे वळते. कारण ती शाळा नुसत्या तपश्चर्येवर चालली नाही, तिच्या मागे पुष्कळ हिशेब होता. स्वतः नऊ वर्षे ज्या रीतीने शिकले ती रीत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना जशीच्या तशी लावली नाही, हे मला फार विशेष वाटते. सासुरवास भोगलेली सासू सुनेला तोच भोगावयास लावते, असा आपल्याकडचा अनुभव. यांनी अनेक बाबतींत उलट केले. गुरूंनी जे दडवून ठेवले, ते यांनी छापले. गाणे लिहिण्यासाठी स्वतःची स्वरलिपी तयार केली, मुलांसाठी संगीत बालप्रकाशासारखी क्रमिक पुस्तके काढली, त्यांसाठी लाहोरला छापखाना घातला, संगीतामृत प्रवाह नांवाचे मासिक चालविले. वर्ग ठरविले, वेळ ठरविली, परीक्षा ठरविल्या. आज काय शिकलो आणि उद्यां काय शिकावयाचे आहे, हे मुलाला पुस्तकाच्या पानावर दिसू लागले. मूल कंटाळते ते श्रमांना नव्हे; या श्रमांचा कांठ कोठे आहे हे त्याला दिसत नाही, म्हणून कंटाळते, असे मला आता वाटू लागले आहे.

त्यांची स्वरलिपी मात्र कठीण. दुसरे विष्णु, म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936), यांनी केलेली लिपी पुष्कळ सोपी, आणि आज बहुतेक ठिकाणी तीच चालते. दोघांचे मार्ग निराळे होते. भातखंडे वकील, अभ्यासक. त्यांनी गांवोगांव फिरून चिजा जमविल्या आणि शास्त्र मांडले. पलुस्कर गवई आणि प्रचारक; त्यांनी माणसे घडविली. कोण मोठा याचे वाद अजून चालतात. आपण त्यांत पडू नये.

मुलांना ते व्यासपीठावरही बसवीत. शाळेचे जलसे होत, त्यांत लहान मुले एकत्र गात, एका पोषाखांत, शिस्तीने येत व जात. गवयांच्या मैफलींत तोंवर जो पान-तंबाखूचा आणि गप्पांचा गोंधळ असे, तो त्यांना खपत नसे. शृंगारिक चिजांतले शब्द बदलून त्यांनी भक्तीचे शब्द घातले. याबद्दल जाणत्यांनी त्यांना नांवेही ठेवली, आणि त्यांत तथ्य असेल. परंतु त्यामुळेच घरंदाज लोक आपल्या मुलींना पाठवावयास धजले. बुवांनी स्त्रियांसाठी शिक्षणाची सोय केली. आज आपण बायका मंडळांत बसून उघड्या दाराने भजन म्हणतो, त्यामागे कोणाकोणाचे हात आहेत याचा हिशेब केला तर त्यांत हा एक हात निघेल.

1908 सालीं ते मुंबईस आले आणि तेथे गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे शाळेसाठी स्वतःची मोठी इमारत बांधली. गायनाबरोबर तबला, सतार इत्यादि वाद्येही शिकविली जात, आणि शाळेतच वाद्ये तयार करण्याचा व दुरुस्त करण्याचा कारखाना होता. वाद्य बिघडले तर ते मिरजेला पाठवून महिनाभर वाट पाहावयाची, तोंवर मुलाचा हात बसून जावयाचा. हे त्यांना परवडणारे नव्हते. मिरजेच्या माणसाला वाद्याच्या तब्येतीची किंमत ठाऊक होती.

ही कारखान्याची गोष्ट मी वाचली आणि मनांत शंका आली. नात एव्हाना माझ्या शेजारी बसू लागली होती, पण पांच-दहा मिनिटांतच उठे. मी प्रथमच तिला रागावल्याशिवाय विचारले, की नेमके काय होते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने मधल्या सप्तकांतल्या धैवतावर बोट ठेवले आणि उचलले. बोट वर आले, पट्टी खालीच राहिली, आणि धैवत एकटाच गात राहिला. पावसाळ्याच्या दमटपणाने लाकूड फुगले होते. शिकवणीत तिच्याकडून हे झाले की बाकीची मुले हंसत. चूक आपल्या बोटाची आहे असे ती समजत होती. तीन महिने आम्ही त्या पोरीला आळशी म्हणत होतो, आणि घरांतल्या चार मोठ्या माणसांपैकी एकानेही पेटीचे झाकण उघडून पाहिले नव्हते.

मी त्या रात्री जेवले नाही. यापेक्षा अधिक त्याबद्दल लिहवत नाही.

बुवांच्या शाळेत सगळे गोडच होते असे मात्र नाही. काही निवडक मुलांना ते उपदेशक म्हणून तयार करीत. त्यांचे जेवण, कपडे, राहणे आणि शिक्षण सर्व फुकट. बदल्यांत मुलाने नऊ वर्षे शाळा सोडावयाची नाही, असा करार. स्वतः गुरुगृही नऊ वर्षे राहिले, त्यावरूनच हा आंकडा आला असेल का, असे मला वाटून गेले. या मुलांची शिस्त फार कडक होती. पहाटे उठणे, ठरलेला रियाज, बाहेरच्या नाटकां-तमाशांना मज्जाव. घरापासून शेकडो कोस दूर, आठ-दहा वर्षांची पोरे. त्यांना रात्री आई आठवत नसेल काय? चरित्रकार मोठ्या कौतुकाने त्या शिस्तीचे वर्णन करतात. मला ते वाचतांना त्या मुलांच्या आया दिसतात. परंतु हेही खरे, की त्या पंक्तीतूनच मोठी माणसे उठली. भडोचकडचा गरीब घरांतला ओंकारनाथ ठाकूर त्यांच्याकडे आला आणि विशीच्या आंत लाहोरच्या शाळेचा प्रमुख झाला. मिरजेचे विनायकराव पटवर्धन लहानपणीच लाहोरला त्यांच्याकडे गेले. त्यांनी 1932 सालीं पुण्यास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कोल्हापूरचे नारायणराव व्यास, मिरजेचे बा. र. देवधर हेही त्यांचेच. सांगावयाचे ते इतके, की शिक्षक तयार केल्याशिवाय शाळा पसरत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. ते स्वतः एकेका मुलाला शिकवीत बसले असते तर पन्नास गवई झाले असते. त्यांनी शिकविणारे शिकविले.

या फुकट जेवणाखाण्याचा आणि इमारतीचा भार शेवटी अंगावर आला. कर्ज वाढत गेले. ते गांवोगांव गाऊन पैसे जमवीत, आणि व्याजांतच ते जात. 1924 च्या सुमारास इमारत कर्जापायी हातची गेली. बावन्न वर्षांचा माणूस, जन्माची कमाई एका लिलावांत गेली. त्यांची वृत्ती त्या आधीच रामभक्तीकडे वळली होती. आता भगवी वस्त्रे आणि नाशिकचा रामनाम-आधार आश्रम हेच राहिले. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् ते गात असत. 1923 सालीं काकीनाडा येथे अध्यक्षांनी गाणे थांबविण्यास सांगितले, तरी त्यांनी ते पूर्ण गायिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. रघुपति राघव ही रामधून देशभर ज्या चालीवर म्हणतात ती चालही त्यांचीच समजली जाते.

आता घरातली गोष्ट. विष्णु दिगंबरांना बारा मुले झाली आणि त्यांतली अकरा लहानपणीच गेली. चरित्रांत हे एका ओळीत येते आणि पुढची ओळ परिषदेवर जाते. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्यांच्या पत्नी रमाबाई. लाहोर, मुंबई, नाशिक, जेथे पति गेले तेथे त्या. दारांत पन्नास दुसऱ्यांची मुले जेवावयास, आणि घरांतला पाळणा अकरा वेळा रिकामा. या बाईबद्दल कोणी चार पाने लिहून ठेवली असती तर मी आज ते चरित्र लिहिले असते, हे नव्हे. एक मुलगा राहिला, दत्तात्रेय, 28 मे 1921 चा, बाराव्या मुलांतला. वडील 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस वारले, तेव्हां तो दहा वर्षांचा होता.

म्हणजे माझ्या नातीहून एक वर्षाने मोठा. बापाचे नांव देशभर, आणि बाप नाही. अशा मुलाला रियाजाला कोणी बसवावयाचे? आईने त्याला वडिलांच्या शिष्यांच्या हाती दिले. आधी नात्यांतल्या माणसांनी, मग पुण्यास विनायकराव पटवर्धनांनी त्याला शिकविले, नारायणराव व्यासांचाही हात लागला. ज्या पोरांना बुवांनी नऊ-नऊ वर्षे जेवू घातले त्यांनी ते ऋण असे फेडले. 1935 सालीं, चौदाव्या वर्षी, हा मुलगा जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनांत गायिला. पुढे द. वि. पलुस्कर या नांवाने त्याचे ध्वनिमुद्रण घरोघर गेले. बैजू बावरा चित्रपटांत (1952) अमीर खांसाहेबांबरोबर त्याने गायिलेली जुगलबंदी आपल्यांतल्या वडील भगिनींना ठाऊक असेल. ऑक्टोबर 1955 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तोही मेंदूच्या आजाराने गेला. आवाज मात्र राहिला. मोबाईलवर तो कोणालाही ऐकता येतो, आणि आमच्याकडे आता मोबाईल त्याच कामासाठी पेटीजवळ ठेवलेला असतो. म्हणजे बहुतेक त्याच कामासाठी.

बुवा गेले त्याच वर्षी, 1931 सालीं, शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा चढत्या परीक्षा हे मंडळ घेते. गायनाच्या, तशाच पेटी-तबल्याच्याही. आपल्या गांवची मुले अकोल्याला किंवा आणखी कोठे जाऊन ज्या परीक्षा देतात त्या बहुधा याच. लाहोरच्या त्या रिकाम्या खोलीचा धागा असा आपल्या बार्शीटाकळीपर्यंत येऊन पोचतो. या परीक्षांविषयी माझे मत मिश्र आहे. मुले पाठ करून उत्तीर्ण होतात आणि दाखला चौकटीत बसला की पेटी पलंगाखाली जाते, हेही मी पाहिले आहे. पण परीक्षेची तारीख भिंतीवर लिहिलेली असली की मुलाला दिवस मोजता येतात, हे नाकारून कसे चालेल?

आमच्या घरी सध्यां असे चालते. दिवेलागणीनंतर अर्धा तास. पहिली दहा मिनिटे मी वाजविते आणि ती चुका काढते. हा भाग तिला सर्वांत आवडतो. मग ती वाजविते आणि मी टाळ धरते. मुलगा घरी असला तर वर्तमानपत्र घेऊन तेथेच बसतो. ऐकतो की नाही देव जाणे, पण उठत नाही. सून म्हणते की फोडणी देतांना आता तिच्याही तोंडांत भूपाचा आरोह येतो. आठवड्यांतून एखादा दिवस नात बसत नाही. त्या दिवशी मी एकटी वाजविते आणि तिला हांक मारीत नाही. हे फार कठीण आहे. हांक जिभेवर येते.

कोजागिरीच्या भजनाला तिला पेटीवर बसविले, हे आपण पाहिलेच. दुसऱ्या कडव्यांत ती अडखळली, आणि आपल्यापैकी एकीने हंसण्याऐवजी तेच पद पुन्हा उचलले. त्या भगिनीचे नांव लिहिले तर ती रागावेल, म्हणून लिहीत नाही. घरी येतांना, कालंका देवीच्या देवळाजवळ, पोर मला म्हणाली की तिचे बोट चुकले नव्हते, धैवत पुन्हा अडकला होता. मीच तो घरी किसून सैल केला होता. ते काम काही मला साधले नव्हते.

तेव्हां येत्या सोमवारी आम्ही दोघी पेटी घेऊन अकोल्याला जाणार आहोत. दुरुस्तीवाल्याला फोन केला आहे. भाताही तपासून घ्या, असे नातीने मला सांगून ठेवले आहे, आणि तो कोठे हवा सोडतो ती जागा तिने खडूने खूण करून ठेवली आहे.